जतच्या बायका पाणी बघून आल्या, आपा

आपा, तुम्ही गेल्यावर मला आलेला पहिला कामाचा फोन निंगव्वाचा होता. बाकीचे सगळे सांत्वनाचे होते, आणि सांत्वन ऐकून घेताना माणसाला फारसं बोलावं लागत नाही, नुसतं हं हं केलं की भागतं. निंगव्वाला हं हं चालत नाही. जतच्या पलीकडच्या, कर्नाटकाला टेकलेल्या गावातल्या बचत गटाची ती पुढारी, आणि तुमच्या मते जिच्यापुढे आपले प्राचार्यसुद्धा उभं राहून बोलतील अशी बाई. तिनं आधी रडून घेतलं, मग नाक शिंकरलं आणि सरळ विचारलं, "मॅडम, सहल हाय का न्हाई?"

मला नाही म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. तुम्हाला मातीत ठेवून आठवडाही झाला नव्हता, आणि जिच्यावरून आपण दोघी सगळा श्रावणभर भांडलो ती सहल आता मी एकटीनं काढायची, हे मला पचत नव्हतं. समोरचा माणूसच उठून गेल्यावर आपलं म्हणणं खरं करून दाखवण्यात कसली मजा? मी निंगव्वाला उद्या सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

भांडण काय होतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी मला ते एकदा नीट मांडू द्या, कारण जिवंतपणी तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. तुम्ही साताऱ्यात मानसशास्त्र शिकवणाऱ्या, मी सांगलीत भूगोल. इतकी वर्षं आपण दोघी एकाच प्रश्नाच्या मागे लागलो होतो: माणूस फिरून आला की त्याचं मन बरं होतं का, आणि झालं तर ते बरेपण घरी आल्यावर किती टिकतं. कासला फुलं बघायला आलेल्यांना विचारलं, महाबळेश्वरला आलेल्या नव्या जोडप्यांना विचारलं, नरसोबाच्या वाडीला आलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. निवृत्त झाल्यावर तुम्हाला हुक्की आली की हे सगळे फिरणारेच लोक झाले, ज्यांना फिरणं माहीतच नाही त्यांना कोण विचारणार? आणि कुणाला न्यायचं, तर जतच्या बायकांना. कुठं, तर ठोसेघरच्या धबधब्याला.

मी म्हटलं, ही चेष्टा झाली. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकला की भाकरी तव्यावर टाकून पळावं लागतं, तिथल्या बायकांना दरीत कोसळणारं पाणी दाखवायचं आणि परत नेऊन त्याच रिकाम्या घागरींजवळ सोडायचं. त्या दिवसापुरत्या त्या हसतील, आणि घरी गेल्यावर पूर्वीपेक्षा जास्त खचतील. आपण मन बरं करायला निघालो आहोत की खरूज खाजवायला? तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि वर्गातलं शुद्ध मराठी सोडून उंब्रजच्या बोलीत आलात. "पद्मा, तू त्यांच्या वतीनं रडू नगं. त्यांचं त्यांना रडाय येतंय." मग तुम्ही चहा मागवलात. भांडण हरायला लागलात की तुम्ही चहा मागवायचात आणि जिंकायला लागलात की बिस्किटं. त्या दिवशी दोन्ही मागवलंत, त्यामुळे तुमच्या मनात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि खरं सांगू का, तुमच्याइतका प्रवासाचा अभ्यास करायला नालायक माणूस या दोन जिल्ह्यांत दुसरा सापडला नसता. तुम्हाला गाडी लागायची. एसटीचा नुसता वास आला तरी तुमचा चेहरा हळदीसारखा व्हायचा, आणि हळदीच्या अडत्याची मुलगी असल्यामुळे हे मी अधिकारानं सांगू शकते. ड्रायव्हरच्या मागचं बाक, नाकाशी लिंबू, डोळे गच्च मिटलेले. कासला आपण कितीतरी वेळा गेलो, पण यवतेश्वरचा घाट तुम्ही एकदाही पाहिला नाहीत. मधूनच विचारायचात, "आता काय दिसतंय गं?" मी सांगायचे, खाली सातारा दिसतोय, अजिंक्यताऱ्यावर ढग टेकलाय. तुम्ही मान हलवायचात, जणू पडताळून घेताय. पुढे एका निबंधात तुम्ही त्या घाटाचं इतकं सुंदर वर्णन केलंत की वाचून मलाच तिथं जावंसं वाटलं.

आपली पहिली मोठी फजिती आठवते? ती दुसरीकडच्या संशोधकांची झाली नसती, आपलीच व्हायची होती. आपण छान प्रश्नावली केली. सहलीत तुम्हाला किती आनंद झाला, एक ते पाचमध्ये सांगा. कास झालं, वाडी झाली, आणि हिशेब लावायला बसलो तर सगळीकडे मधला आकडा. तरुण, म्हातारे, नवी लग्नं झालेले, सगळे मध्ये. 'बरं वाटलं.' 'बरं हाय.' 'ठीक झालं.' मी तसंच एका चर्चासत्रात वाचून दाखवलं आणि बाहेरून आलेल्या एका विद्वानांनी निष्कर्ष काढला की या भागातल्या लोकांच्या मनावर प्रवासाचा काही परिणाम होत नाही. तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परतीच्या गाडीत तुम्ही गाडी लागायचंसुद्धा विसरलात.

त्याच गाडीत तुम्ही मला विचारलंत, तुझ्या पोराच्या निकालाचं काय झालं? मी म्हटलं, बरा लागला. तुम्ही वळून बघितलंत. तो तालुक्यात पहिला आलाय ना, मग बरा लागला काय म्हणतेस? मी म्हटलं, आपा, सांगायचं कशाला, दृष्ट लागते. मग तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. आपल्याकडे पीक जोमात आलं तरी शेतकरी बरं हाय म्हणतो, दुकान चाललं तरी व्यापारी ठीक चाललंय म्हणतो. बाळ गुटगुटीत असलं तर त्याला काजळाचा ठिपका लावतो आणि वर म्हणतो, रोडावलंय. अशा माणसांना आपण त्यांचं सुख पाचापैकी किती ते विचारत होतो. आपण दोघीही याच मातीतल्या, दोघीही पोरांना काजळ लावून मोठं केलेलं, आणि हे आपल्याच ध्यानात आलं नाही.

मार्ग तुम्हीच काढलात. स्वतःचं सुख स्वतःच्या तोंडानं कुणी सांगणार नाही, पण शेजारणीचं सांगायला कोण थांबतंय? परतीच्या गाडीत प्रत्येकाला शेजारी बसलेल्याबद्दल विचारायचं. ही कशी होती जाताना, आता कशी आहे? बांध फुटावा तसे लोक बोलायला लागले. ही बया काल मुसमुसत होती, आज खिडकी सोडायला तयार नाही. हे आजोबा घरी जेवत नाहीत, इथं दोन वेळा भात मागितला. तुम्ही म्हणालात, आता कुठं मला ही माणसं दिसाय लागली. त्या दिवशी तुम्ही बिस्किटं मागवलीत.

आपलं काम करताना दिवस मावळणं ही एक भानगडच असायची. मी जैन, मला सूर्यास्ताच्या आत जेवायचं, आणि रोजे आले की तुम्हाला सूर्यास्तानंतरच तोंडात काही घालता यायचं. एका वर्षी रमजानमध्येच आपण वाडीला माहिती गोळा करत होतो. कृष्णेच्या घाटावर मी घाईघाईनं दशम्या संपवत होते, आणि तुम्ही शेजारी बसून मला सांगत होतात, सावकाश खा, अजून ऊन हाय. मी डबा बंद केला तसा तुम्ही तुमचा उघडलात. मध्ये थोडासा वेळ असा गेला की दोघींचेही डबे बंद होते आणि आपण नुसत्या पाण्याकडे बघत बसलो. एकत्र जेवता आलं नाही याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही. म्हणालात, आपल्यात एकीचं तरी पोट कायम भरलेलं असावं, म्हणजे दुसरीला भांडता येतं.

तर निंगव्वा. मी उद्या सांगते म्हटलं होतं, पण तिला दम कुठला? संध्याकाळीच परत फोन आला. तोवर तिनं गटाची बैठक घेऊन टाकली होती. ती म्हणाली, बायकांत दोन तट पडलेत. एक म्हणतात, ज्या बाईनं बोलावलं तीच गेली, आता मयतीवरून उठून कसं हिंडाय जायचं. दुसऱ्या म्हणतात, तिनं बोलावलं होतं, म्हणून तर जायचं. मी संधी साधून म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तिनं ते ऐकलंच नाही. ती म्हणाली, "मॅडम, आमी गाव सोडतो ते लग्नाला न्हाईतर कुणी गेल्यावर. आता आपा गेल्या. म्हंजी जायाचंच हाय. आदी त्यांच्या घरी भेटून येऊ, मग फुडं पाणी बघू."

तुमचं उंब्रज वाटेवरच आहे. हायवेवर ज्या घराला दुःख झालंय त्या घरावरून गाडी पुढे नेणं आपल्यात बसत नाही, आणि घरी भेटून आल्यावर पुढे जायला कुणाची हरकत नसते. निंगव्वानं सहलीच्या आत दुखवट्याची भेट बसवली आणि दोन्ही तट गप्प केले. मी गाडीवाल्याला होकार कळवला. मनात म्हटलं, आपा, तुमचं खरं होतं की माझं, ते आता एकदाचं कळेल, आणि तसं म्हणताना मला रडू आलं.

ज्वारीच्या पेरणीआधीचा रविवार धरला. पहाटे गाडी जतहून निघाली आणि मी सांगलीत चढले. बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या, पण डोक्यावरचा पदर मयतीला जाताना घेतात तसा पुढे ओढलेला. नेमकं कुठं चाललोय हे त्यांच्या पोशाखालाही ठरवता आलं नव्हतं. गौरव्वा नावाची सगळ्यांत म्हातारी बाई पहिल्याच वळणाला तुमच्यासारखी डोळे मिटून बसली, आणि मी काही न बोलता तिला ड्रायव्हरच्या मागचं बाक दिलं.

उंब्रजला तुमच्या दारात गाडी थांबली. मुबारकभाई बाहेर आले. तुमचे मालक इतके बारीक झालेत, आपा, की मला बघवेना. घराला लागूनच्या गाद्या-रजयांच्या दुकानाचं शटर तुम्ही गेल्यापासून वर गेलेलं नाही. शेजारी म्हणाले, नमाजाला जातात तेवढंच, बाकी घरातच. एवढ्या बायका एकदम उतरलेल्या बघून ते गोंधळले. बायकांनी ओळख वगैरे करून दिली नाही. अंगणात बसल्या आणि रडायला लागल्या. तुम्हाला त्या कशाबशा दोनतीनदा भेटलेल्या, पण घरच्या बाईसाठी रडावं तशा रडल्या. निम्म्या कानडीत. मुबारकभाईंना शब्द कळत नसावेत. आल्या-गेल्यांसमोर ते ताठ बसलेले असायचे असं शेजारी सांगत होते, आणि त्या दिवशी ते पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मग निंगव्वानं फडकी सोडली. दुःखाच्या घरी न्यायचा घास म्हणून प्रत्येकीनं ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाल मिरचीचा खर्डा. त्यांनी समोर बसून मुबारकभाईंना खायला लावलं. त्यांनी खाल्लं.

निघताना ते आत गेले आणि एक मोठी पिशवी घेऊन आले. तुम्ही या सहलीसाठी आधीच खरेदी करून ठेवली होतीत. आवळा सुपारी, लिंबू गोळ्या, आणि गाडी लागली तर म्हणून कागदी पिशव्या. मुबारकभाई म्हणाले, हे तिनं तुमच्यासाठी आणलं होतं, घरात राहून काय करायचं? गौरव्वानं तिथंच सुपारी तोंडात टाकली. पुढे ठोसेघरपर्यंत तिला काही झालं नाही.

आता धबधब्याचं सांगते. मी तिथं कान टवकारून उभी होते, हे कबूल. धुकं बाजूला झालं आणि पाणी दिसलं तशा सगळ्या बायका गप्प झाल्या. मग गौरव्वा हळूच म्हणाली, "कितीक वाया चाललंय गं." मी मनात म्हटलं, बघा आपा, हेच म्हणत होते मी. तेवढ्यात निंगव्वा कठड्यावर वाकून म्हणाली, "आक्का, ह्याची तोटी कुटं हाय? बंद करू, सांजच्याला लागंल." आणि त्या सगळ्या अशा हसल्या की बाजूला फोटो काढणारी पोरं वळून बघायला लागली. वाऱ्यानं तुषार अंगावर आले. पदर मागे गेले. एकीनं तोंड वर करून डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली, पार भिजेपर्यंत. मी बोलावलं तरी आली नाही.

मी मात्र माझा हेका सोडला नव्हता. मी म्हटलं, हा आजचा आनंद, खरा प्रश्न उद्याचा आहे. वरच्या टपरीवर चहाला थांबलो तर निंगव्वानं टपरीवालीला विचारलं, तुमचं बरं बाई, दारातच पाणी. टपरीवाली हसली. म्हणाली, हे सगळं खाली जातंय, आमी ऱ्हातो वर, उन्हाळ्यात आमी बी डोक्यावरनंच आणतो. झालं. पुढचा सगळा वेळ त्या धबधब्याकडे पाठ करून बसल्या. किती लांबून आणता, चुंबळ कशाची करता, मान दुखली की काय लावता. टपरीवालीनं चहाबरोबर भजी तळली. दोन्हीकडच्या बायका इतक्या रंगल्या की ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मी भूगोल शिकवते, सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी का थांबत नाही हे दरवर्षी फळ्यावर काढते, तरी त्या गप्पा ऐकत बसावंसं वाटलं.

परतीच्या वाटेवर मी एकेकीला शेजारणीबद्दल विचारलं. तुमच्या पद्धतीत मी काही बदल केला नाही. गौरव्वाच्या शेजारी तिची सून होती. ती म्हणाली, "आत्याबाई सारखं इचारत होत्या, गाडी लागती का गं तुला. घरात ताप आला तरी इचारत न्हाईत." मग मी गौरव्वाकडे वळले, सुनेबद्दल विचारायला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. नंतर म्हणाली, "ही गाणं म्हणती, हे मला ठावंच नव्हतं." सून नऊवारीचा काठ दाताखाली धरून हसत होती. कराडच्या पुढे अंधार पडला आणि गाडीतल्या निम्म्या झोपल्या.

सगळं लिहून झालं की तुम्हाला फोन लावायचा, ही माझी सवय. त्या दिवशी नंबर काढेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. मग फोन मांडीवर ठेवून बसले. मला तुम्हाला एक गोष्ट कधी सांगता आली नाही. माझी आई गेली तेव्हा तुम्ही सांगलीला आला होतात. तुमच्यासारख्या बाईनं साताऱ्याहून एवढा पल्ला एसटीनं केला, वाटेत दोनतीनदा उतरून उलट्या केल्या असणार, कारण दारात उभ्या राहिलात तेव्हा तुमचा चेहरा पार हळदीसारखा झाला होता. तुम्ही मला धीराचे शब्द वगैरे सांगितले नाहीत. म्हणालात, चप्पल घाल. आणि मला रिक्षात घालून कृष्णेच्या घाटावर नेऊन आणलंत, पुन्हा घरी, पुन्हा बाहेर. प्रवासानं दुःख कमी होतं का, यावर मी खूप वाचलं आणि थोडंफार लिहिलं. पण मला जे कळलं ते त्या दिवशी कळलं, आणि ते तुमच्यामुळे. आपा, माझं तुमच्यावर फार प्रेम होतं. आपल्यात असं बोलायची पद्धत नाही, म्हणून राहून गेलं.

सहलीनंतर काही दिवसांनी मी जतला गेले. घरी परतल्यावरचं मन बघायचं होतं, आणि माझं म्हणणं खरं ठरणार होतं तर ते तिथंच. थोडंसं ठरलंही. ज्या बाईनं तोंड वर करून अंगावर पाणी घेतलं होतं, तिच्याबद्दल शेजारीण म्हणाली, आल्यावर दोन दिस जेवली न्हाई नीट, हंड्याकडं बघत बसायची. मला वाईट वाटलं आणि जिंकल्यासारखंही वाटलं, आणि जिंकल्यासारखं वाटल्याबद्दल पुन्हा वाईट वाटलं. मी विचारलं, मग आता? शेजारीण म्हणाली, आता सारवतीय.

सारवत कशाला होती? तर सगळा गटच सारवत होता. गावातल्या मोजक्या जुन्या घरांच्या भिंती लिंपून झाल्या होत्या, देवळापुढचं अंगण सारवून काढलं होतं. निंगव्वानं मला माळावर नेलं. लांब मेंढरं चरत होती, नुकतीच पेरलेली काळी रानं, आणि बाकी काही नाही. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. ती म्हणाली, थंडीत ज्वारी हुरड्यात येईल तेव्हा तुमी सगळ्या या. साताऱ्याच्या, सांगलीच्या, त्या टपरीवालीला बी आणा. आमी तुमचं बघून आलो, आता तुमी आमचं बघाय या. मी, संशोधकाच्या थाटात, विचारलं की बघायला काय आहे इथं. तिला राग आला नाही. तिनं हात फिरवून चारी बाजू दाखवल्या. "हे आभाळ बघा. कुटं आडत न्हाई. तुमच्याकडं निम्मं डोंगरानंच खाल्लंय."

आपा, आपण दोघीही हरलो. मी म्हणत होते त्या खचून येतील, तुम्ही म्हणत होतात त्या सुखावून येतील. त्या दोन्ही झाल्या, आणि त्यावर थांबल्या नाहीत. यजमान होऊन बसल्या. कुणाला कुणाच्या घरी उतरवायचं यावरून गटात भांडणं सुरू झाली आहेत. ज्या बायकांनी जन्मभर आपल्या गावाला नावं ठेवली, त्या आता कोणत्या टेकाडावरून सूर्य चांगला मावळतो यावर वाद घालतायत. असं काही होईल हे आपल्या प्रश्नावलीत कुठंच नव्हतं, कारण आपल्याला ते सुचलंच नाही. हे मी नीट लिहून काढणार आहे. तुमचं नाव पहिलं असेल, आणि चर्चासत्रात मीच वाचेन.

निंगव्वानं निघताना एक काम सोपवलं. तुमच्या घरच्यांना आवर्जून आणायचं. मी म्हटलं, मुबारकभाई कुठं जात नाहीत. ती म्हणाली, आमी त्यांच्या दारात जाऊन आलो, आता त्यांनी आमच्या दारात याय पायजे, असं सांगा.

मी तुमच्या चाळिसाव्याला उंब्रजला गेले तेव्हा सांगितलं. घरात माणसं होती, बिर्याणीची पातेली उतरत होती, माझ्यासाठी तुमच्या जावेनं वेगळा वरणभात उन्हं असतानाच करून ठेवला होता. मुबारकभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी आभाळाचंही सांगितलं. मग ते पाहुण्यांना वाढायला उठले, आणि मला वाटलं, मी उगाच बोलले, अजून यांना बाहेरचं काही ऐकायची वेळ झालेली नाही. मी वरणभात संपवला, ताट विसळलं, जावेचा निरोप घेतला. गाडीत बसत होते तेव्हा ते पाठोपाठ बाहेर आले.

"मॅडम," ते म्हणाले, "जतला थंडी किती असती?"

मी म्हटलं, लय असती, उघडा माळ आहे, रात्री दात वाजतात.

ते कुडत्याच्या खिशातून किल्ली काढून दुकानाकडे गेले. आपा, मी गाडी सुरू केली नाही. शटर वर गेल्याचा आवाज आला, आत दिवा लागला, आणि ते थानांमधलं जाड कापड ओढून काढून बघायला लागले, कुणाकुणाला पांघरायला लागेल ते.